अद्वैताचे सात दिवस

‘रिट्रीट’ हा शब्द आता मराठी घरांत रुळला आहे. मुलगी बंगळुरूहून फोन करते, ‘आई, आठ दिवस रिट्रीटला चाललेय, मोबाइल बंद असेल,’ आणि आईला वाटतं, कंपनीनं सहल काढली. प्रत्यक्षात ती कुठल्या तरी डोंगरातल्या आश्रमात गेलेली असते. तिथं पहाटे उठायचं, ठरल्या वेळी डोळे मिटून बसायचं, बोलायचं नाही, साधं जेवायचं आणि रोज कुणाकडून तरी ऐकायचं, की तू आणि हे जग मुळात दोन नाहीत. तिकडे याला ‘नॉन-ड्युअल मेडिटेशन’ म्हणतात. आपल्याकडे याला अद्वैताचा अभ्यास म्हणत आले आहेत. आणि तो सात दिवस एका जागी बसून करायचा, तर त्यालाही आपल्याकडे शब्द आहे. सप्ताह.

सप्ताह म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो अखंड हरिनाम सप्ताह. मंडप, जमिनीला न टेकणारी वीणा, पहाटेचा काकडा, ज्ञानेश्वरीचं पारायण, रात्रीचं कीर्तन, शेवटी काला आणि गावजेवण. त्याबद्दल मला आज बोलायचं नाही. तो गावाचा उत्सव आहे आणि तो तसाच असावा. मला बोलायचं आहे ते त्याच्या एका अबोल भावंडाबद्दल. वीस-पंचवीस माणसं, एक ग्रंथ, एक निरूपणकार. लाउडस्पीकर नाही, हारतुरे नाहीत. याला कुणी साधना सप्ताह म्हणतं, कुणी अभ्यासवर्ग. रायगड जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यातल्या एका गावी अशा सप्ताहाला मी तीनदा बसलो. तिथं काय चालतं आणि कशासाठी चालतं, ते श्रोत्यांना सांगावं असं मनात आहे.

माणगावहून श्रीवर्धनला जाताना म्हसळा लागतं. राजपुरीची खाडी आत शिरत शिरत या बाजूला येते. दक्षिणेला आंबेतपाशी सावित्रीची खाडी, आणि पूल ओलांडला की रत्नागिरी जिल्हा. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या नवाबाच्या संस्थानात होता. कुणबी, आगरी, कोळी, मुसलमान अशी मिसळलेली वस्ती. तरुण माणसं मुंबईला, नाही तर आखातात. गावात मागे राहतात ती म्हातारी माणसं, शाळेतली मुलं आणि कुलूप लावलेली नवी घरं.

अशा ठिकाणी वेदान्ताचा सप्ताह कसा, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण याच जिल्ह्यात, महाड तालुक्यात वरंध घाटाच्या पायथ्याशी शिवथरघळ आहे. दासबोधाची रचना तिथं झाली असं परंपरा मानते. ग्रंथाच्या सहाव्या दशकात समर्थांनी कलियुगाची ४७६० वर्षं लोटल्याचा हिशेब दिला आहे. तो मांडला की इसवी सन १६५९ येतं. मधल्या काळात ही घळ विस्मरणात गेली होती. धुळ्याचे शंकरराव देव यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून १९३० साली तिचा पत्ता लावला. दुसरीकडे रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ पासून दासबोधाच्या निरूपणाच्या बैठका सुरू केल्या आणि त्या रायगडच्या खेड्यापाड्यांत पोचल्या. त्यामुळे इथं दासबोध ही लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेली पोथी नाही. दिवसभर भात झोडून संध्याकाळी बैठकीला बसणारी बाई तुम्हाला समासांची नावं सांगते. आमच्या सप्ताहात दासबोध निवडला गेला त्यामागं मोठी तात्त्विक चर्चा वगैरे झालेली नव्हती. सगळ्यांना ऐकून माहीत असलेला ग्रंथ हाच होता.

आणि मराठीत अद्वैत सांगायला ग्रंथांची वाण कधीच नव्हती. मुकुंदराजांचा विवेकसिंधू शके १११० चा, म्हणजे ११८८ चा. त्यानंतर शंभर वर्षांनी ज्ञानेश्वरी आणि अमृतानुभव. पुढं एकनाथ, रामदास. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. ही ओढ अगदी अलीकडेपर्यंत वाहती राहिली. विजापूर जिल्ह्यातल्या इंचगिरीच्या परंपरेत भाऊसाहेब महाराज उमदीकरांनी दासबोधाचं नित्य वाचन शिष्यांच्या दिनक्रमातच बसवलं. त्यांचे एक शिष्य गुरुदेव रानडे, अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झालेले तत्त्वज्ञ. दुसरे सिद्धरामेश्वर महाराज. आणि सिद्धरामेश्वरांचे शिष्य मुंबईत खेतवाडीत राहणारे, विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज. त्यांच्या मराठी बोलण्याचं मॉरिस फ्रिडमन यांनी केलेलं इंग्रजी पुस्तक १९७३ साली निघालं आणि युरोप-अमेरिकेतली माणसं खेतवाडीचा जिना चढू लागली. आज परदेशातल्या अद्वैत शिबिरांत निसर्गदत्तांचं नाव हमखास निघतं. म्हणजे आपल्याच गल्लीतून बाहेर गेलेली गोष्ट आता इंग्रजी नाव लावून आपल्या मुलीला बंगळुरूत भेटते आहे. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, पण ठाऊक मात्र असावं.

आता सप्ताहाचा दिवस कसा जातो ते सांगतो.

आमचा सप्ताह मार्गशीर्षात असे. भाताची कापणी-झोडणी उरकलेली असते आणि हवा पहाटे गार असते. देवळाच्या सभामंडपात बैठक, बाजूच्या पडवीत पुरुषांची पथारी, जवळच्या एका घरी बायकांची सोय. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांचे मोबाइल एका पत्र्याच्या पेटीत जात. पेटीला कुलूप नसे. पहाटे साडेचारला उठायचं, पाच ते सहा बसायचं. मग चहा. सात ते नऊ वाचन आणि निरूपण. त्यानंतर दोन तास प्रत्येकानं एकट्यानं बसायचं, फिरायचं, वाचलेलं मनात घोळवायचं. जेवण तांदळाची भाकरी, वालाची नाही तर कुळथाची आमटी, भात, आमसुलाचं सार. दुपारी आराम, मग पुन्हा बैठक, आणि संध्याकाळी प्रश्नोत्तरं. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत मौन. त्यानंतर बोलायला हरकत नसे, पण तीन दिवसांत माणसं आपोआपच कमी बोलू लागत.

पहाटेच्या बैठकीत एक गोष्ट व्हायची. पाच वाजून गेले की पलीकडच्या मोहल्ल्यातून अजान यायची. पहिल्या दिवशी मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी तक्रार केली, ध्यान मोडतं म्हणून. निरूपणकार म्हणाले, ‘आवाज आला हे तुम्हाला कळलं ना? मग काय मोडलं? ज्याला कळलं त्याच्याकडे बघा.’ माझ्या मते सप्ताहातला पहिला धडा तिथंच होऊन गेला.

हे निरूपणकार म्हणजे गणित शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ. भगवी वस्त्रं नाहीत, पाया पडून घेणं नाही. सगळे त्यांना काका म्हणत. सात दिवसांत अख्ख्या दासबोधाचं पारायण करायचं तर वीस दशक, दोनशे समास, ७७५१ ओव्या; म्हणजे रोज अकराशेच्या वर ओव्या म्हणाव्या लागतात. पारायणाला बसणारे ते करतातही. काका मात्र दिवसाला दोन, फार तर तीन समास घेत. ‘पाठ करायला घर आहे, इथं तपासायला आलोय,’ असं ते म्हणत.

तपासायचं म्हणजे काय? इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण या सप्ताहाचा गाभा हाच आहे.

ध्यान म्हणजे मन रिकामं करणं, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. विचार येऊ द्यायचे नाहीत, आले तर हुसकायचे. दोन मिनिटं शांत गेली की बरं वाटतं, तिसऱ्या मिनिटाला गॅस बंद केला होता का ते आठवतं. दासबोधाच्या चौदाव्या दशकात अखंड ध्यानावर एक समास आहे. त्यात समर्थ बसण्याच्या तंत्रापेक्षा एक वेगळीच चौकशी काढतात. ध्यानाला बसला तो कोण, आणि ध्यानात ज्याला आणायचं म्हणतो तो कोण? हे दोघं वेगळे असतील तर ध्यान कधी तरी सुटणारच; धरलेली वस्तू सुटते. वेगळे नसतील तर सुटायचं काय? म्हणून ‘अखंड’.

ही चौकशी करायची रीत जुनी आहे आणि तिला पायऱ्या आहेत. आपल्या परंपरेत देह चार सांगितले आहेत. स्थूल, सूक्ष्म, कारण आणि महाकारण. दासबोधाच्या सतराव्या दशकात यावर स्वतंत्र समास आहे. सिद्धरामेश्वर महाराजांच्या निरूपणांचा तर हा कणाच आहे. काकांनी एकेका दिवसाला एकेक देह वाटून दिला होता.

पहिला दिवस स्थूल देहाचा. ‘माझा हात’, ‘माझा गुडघा’ असं आपण म्हणतो. छत्री माझी, म्हणून मी छत्री नाही. गुडघा माझा, तर मग मी गुडघा कसा? ऐकताना हे पोरकट वाटतं. पण दोन तास गार फरशीवर बसून गुडघा ठणकायला लागला, की ‘गुडघा दुखतोय’ आणि ‘मी दुखतोय’ यांतलं अंतर प्रत्यक्ष बघायला मिळतं. ते अंतर अगदी बारीक असतं आणि सारखं मिटतं. मिटलं की पुन्हा बघायचं.

दुसरा दिवस सूक्ष्म देहाचा, म्हणजे मन, बुद्धी, प्राण, इंद्रियांच्या शक्ती. इथं काका श्वासाकडे लक्ष द्यायला लावत. दिवसरात्रीत माणसाचे २१,६०० श्वास होतात, असा शास्त्रकारांचा जुना हिशेब. दासबोधातल्या अजपाच्या समासातही तो येतो. मिनिटाला पंधरा. गणिताचे मास्तर असल्यामुळे काकांनी तो घड्याळ लावून मोजायला लावला. कुणाचे बारा भरले, कुणाचे अठरा. ‘यांतला एक तरी तुम्ही घेतलात का?’ त्यांनी विचारलं. श्वास चालतो, विचार येतो, राग चढतो. आपण नंतर त्यावर ‘माझा’ असा शिक्का मारतो. दिवसभर हेच पाहत राहायचं. विचार हुसकायचे नाहीत; कोणता विचार आला त्यापेक्षा तो आलेला कुणाला कळला, तिकडे वळायचं.

तिसरा दिवस कारण देहाचा, आणि खरी गंमत तिथं आहे. मन मागं टाकलं की काय उरतं? काहीच नाही. अंधार, कोरेपणा, गाढ झोपेसारखी स्थिती. आमच्यातल्या दोघातिघांना त्या दिवशी ही स्थिती चांगली लागली. संध्याकाळी ते उजळ चेहऱ्यानं सांगू लागले, की सगळं शून्य झालं, मन नाहीसं झालं, हेच ब्रह्म असणार. काकांनी आठवा दशक उघडला. त्याच्या दहाव्या समासाचं नावच आहे शून्यत्वनिरसन. त्यांचा प्रश्न सोपा होता. ‘काही नव्हतं, हे तुम्ही आत्ता सांगताय. म्हणजे ते तुम्हाला ठाऊक आहे. मग ठाऊक असणारा तिथं होता की नव्हता?’ कुणी उत्तर दिलं नाही. रिकामपण हाही एक अनुभवच. तोही दिसतो, येतो आणि जातो. मन कोरं झालं म्हणजे पोचलो, असं मानून वर्षानुवर्षं तिथंच मुक्काम ठोकणारे साधक पुष्कळ आहेत. बाजारातली बरीच ध्यानं तर तेवढंच विकतात. ताण कमी व्हायला त्याचा उपयोग होत असेल, नाही म्हणत नाही. पण अद्वैताचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

चौथा दिवस महाकारणाचा. कोरेपणाही ज्याला कळतो ते नुसतं जाणतेपण, ‘मी आहे’ एवढीच शुद्ध जाणीव. त्याला अजून नाव, गाव, वय चिकटलेलं नसतं. निसर्गदत्त महाराज लोकांना याच ‘मी आहे’पाशी राहायला सांगत. आणि मग शेवटची मेख अशी, की तीही सोडायची. ‘मी ब्रह्म आहे’ असं मनाशी घोकत बसलात तर तोही एक विचारच झाला, आणि तो करणारा शिल्लक राहिलाच. या टप्प्यावर भाषा अडखळते. अमृतानुभवात ज्ञानेश्वरांनी अज्ञानाचं खंडन केलं आणि त्याच्या पाठोपाठच्या प्रकरणात ज्ञानाचंही खंडन केलं, ते यासाठीच. काट्यानं काटा काढल्यावर दुसरा काटा कोण जपून ठेवतो?

इथं कुणी विचारील, की हे सगळं बोलणंच झालं, ध्यान कुठं आहे? इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं १९७६ पासून चालू आहेत. तिथं पूर्ण मौन असतं, वाचन-लेखन बंद असतं आणि संवेदनांचं निरीक्षण हीच साधना असते. ती बुद्धाची वाट आहे, तिची शिस्त वेगळी. वेदान्तात पहिलं स्थान श्रवणाला. ऐकायचं, मग मनन, आणि ते मुरलं की निदिध्यास. ऐकलेलं खरं आहे का ते स्वतःवर लावून पाहणं, हेच इथलं बसणं. सिद्धरामेश्वर या मार्गाला विहंगम मार्ग म्हणत. मुंगी बुंध्यापासून चालत फळापर्यंत जाते, पक्षी उडून थेट बसतो. पक्ष्याची वाट जलद खरी, पण पंख विवेकाचे हवेत. आणि ते बैठकीतच फुटतात, असं त्यांचं सांगणं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मात्र विवेकाचं हे यंत्र एका प्रश्नापाशी अडलं. हे साल २०२२.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, ते तुम्हाला आठवत असेल. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा. या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या, घरांचे पत्रे आणि कौलं गेली, कित्येक दिवस वीज नव्हती. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पोफळ लावली की धरायला पाच-सात वर्षं लागतात, आणि पुढं पिढ्यान्‌पिढ्या तीच वाडी घर चालवते. आमच्या सप्ताहाला त्या बाजूचे एक वाडीवाले आले होते. साठीच्या आसपासचे, पाच दिवस एक शब्द न बोललेले. ते उठले आणि म्हणाले, ‘काका, माझ्या बापानं लावलेली वाडी गेली. त्या वेळी आमच्याकडे आलेले एक महाराज म्हणाले, झाडं माया, वाडी माया, तू रडतोस कुणासाठी? आता तुम्ही चार दिवस तेच सांगताय. मी देह नाही, मन नाही. मग मला वाईट वाटतं ते खोटं का? खोटं असेल तर मी उद्या सकाळच्या एसटीनं घरी जातो.’

मंडपात कुणी हललं नाही. मला स्वतःला वाटतं, अद्वैत सांगणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा या प्रश्नाशी होते. दुःखात असलेल्या माणसाच्या तोंडावर ‘सगळी माया’ असं फेकणं याच्याइतका निर्दयपणा नाही, आणि तो आपल्याकडे सर्रास चालतो. तिरडी उचलायच्या आधी आत्मा अमर असल्याचं सांगणारे महाभाग आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

काकांनी उत्तराची घाई केली नाही. त्यांनी तिसरा दशक काढायला सांगितला. त्यात समर्थ माणसाचा जन्म, बालपणी आई जाणं, लग्न, दारिद्र्य, दुष्काळ, बायकामुलांचा वियोग, म्हातारपणातली हेळसांड, हे सगळं समासामागून समास सांगत जातात. ब्रह्माचं निरूपण पुढं सहाव्या-सातव्या दशकात. १६३० च्या सुमाराचा दख्खनचा भयंकर दुष्काळ त्यांच्या ऐन तरुणपणातला, आणि त्यानंतर बारा वर्षं ते देशभर पायी हिंडले. रडणारी माणसं त्यांनी जवळून पाहिली होती. ‘ज्याला दुःख खोटं वाटतं त्यानं तिसरा दशक एवढा लांबवला नसता,’ काका म्हणाले. ‘तुमचे महाराज अर्ध्या वाटेवर थांबले.’

मग त्यांनी राहिलेली अर्धी वाट सांगितली. वेदान्तात दोन शब्द जोडीनं येतात, व्यतिरेक आणि अन्वय. हे मी नाही, तेही मी नाही, असं एकेक बाजूला करत जाणं हा व्यतिरेक. आम्ही चार दिवस तेवढंच केलं होतं. पण सगळं बाजूला करून जे उरलं, तेच पुन्हा सगळ्यात भरलेलं आहे असं बघत परत येणं, हा अन्वय. परत येणं झालं नाही तर अद्वैत झालंच कुठं? एक मी शुद्ध, निर्लेप, आणि दुसरं हे जग मायेचं, अशी दोन खाती उघडीच राहिली. अमृतानुभवाची थोरवी इथं आहे. ज्ञानेश्वरांना जग म्हणजे पुसून टाकायचा भ्रम वाटत नाही. त्या एकाच चैतन्याचा तो विलास आहे. अभ्यासक याला चिद्विलासवाद किंवा स्फूर्तिवाद म्हणतात आणि शंकराचार्यांच्या मायावादाहून तो किती वेगळा यावर वाद घालतात. आपल्याला त्या वादात पडायचं कारण नाही. जग जर त्याचाच विलास असेल, तर पोफळही तीच, बापही तोच, आणि डोळ्यांतलं पाणीही त्याच्या बाहेरचं नाही. मग ते खोटं ठरवायचं कुणी?

एका कोळी बाईंनी लगेच विचारलं, ‘सगळं एकच, तर मग चांगलं-वाईट, आपलं-परकं काही उरलंच नाही म्हणायचं?’

‘भरतीला खाडीचं पाणी आणि समुद्राचं पाणी वेगळं दाखवता येईल का तुम्हाला?’

‘नाही.’

‘मग भरती-ओहोटी न बघता होडी काढता का?’

बाई हसल्या. होडी चिखलात रुतते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पाणी एक आहे म्हणून भरती-ओहोटीचं भान सोडता येत नाही. आपल्या संतांनी हे फार नीट सांभाळलं. ज्या दासबोधात ब्रह्मनिरूपण आहे त्याच दासबोधात अक्षर कसं काढावं, मूर्ख कुणाला म्हणावं, राजकारण कसं करावं हेही आहे. आणि आधी प्रपंच नेटका करायला सांगून मगच परमार्थाचं बोलणं आहे. परदेशी थाटाच्या काही शिबिरांतून परतलेल्या तरुणांना आईवडिलांचे प्रश्न, घरातली आजारपणं ‘खालच्या पातळीवरची’ वाटू लागतात, असं मी पाहिलं आहे. त्यांना व्यतिरेक कुणी तरी शिकवला, अन्वय शिकवायला आठवडा पुरला नाही.

वाडीवाले गृहस्थ दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. त्यांचं समाधान झालं का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सहाव्या दिवशी दुपारी पडवीत ते एका पनवेलच्या मुलाला सुपारीची रोपं केळीच्या सावलीत का लावायची ते समजावून देत होते. बराच वेळ देत होते.

आता काही खबरदारीच्या गोष्टी. सात दिवस अंतर्मुख बसणं सगळ्यांना सगळ्या वेळी मानवतं असं नाही. ज्यांना नैराश्याचा किंवा दुसरा मानसिक आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा सप्ताहाला बसू नये, आणि चालू गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत. बसल्यावर भीती वाटू लागली, झोप उडाली, आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटू लागलं, तर चालवणाऱ्यांना लगेच सांगावं. ‘ही प्रगतीची खूण आहे’ असं म्हणून कुणी बसवून ठेवू लागलं तर पेटीतून मोबाइल काढून घर गाठावं. मधुमेह असलेल्यांनी जेवणाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. घरात नुकतं कुणी गेलं असेल तर निदान काही महिने थांबावं; त्या वेळी माणसाला मांडीला मांडी लावून बसणारे आपले लोक हवे असतात.

सांगणारा कोण आहे, हेही पाहावं. याचे निकष बाहेरून आणायची गरज नाही. दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षणाचा समास आहे. चमत्कार दाखवणारा, भुरळ घालणारा, शिष्याकडून साधना करून न घेणारा, त्याला इंद्रियं आवरायला न लावणारा, अशा गुरूंची समर्थांनी तिथं केलेली किंमत मुळातून वाचण्यासारखी आहे. माझी त्यात एकच भर. फी किती, हे सांगायला जिथं आढेवेढे घेतात, तिथं जाऊ नये. आमच्याकडे प्रत्येकानं थोडा शिधा आणायचा, आणि निघताना एका डब्यात जमेल तेवढं टाकायचं, असा शिरस्ता होता. डब्यात कुणी किती टाकले ते कुणी पाहत नसे.

ज्यांना जावंसं वाटेल त्यांनी शक्यतो मार्गशीर्ष ते माघ या दिवसांत जावं. कोकणात पावसाळ्यात पडवीत झोपणं जमत नाही आणि वैशाखात दुपारी बसवत नाही. जवळचं मोठं रेल्वे स्थानक माणगाव. तिथून म्हसळा-श्रीवर्धनच्या एसटी मिळतात. सोबत अंथरूण-पांघरूण, विजेरी, स्वतःची औषधं, बसायला जाडसर आसन आणि दासबोधाची सार्थ प्रत घ्यावी. गुडघे दुखत असतील तर घडीची खुर्ची न्यावी. पहिल्या दिवशी लोक बघतात, दुसऱ्या दिवशी कुणी तरी विचारतं, ‘जास्तीची आहे का?’